नावापुढचा रक्तगट

संग्रामपूर तालुक्यातल्या माजी सैनिकांसाठी तयार केलेल्या रक्तदान पुस्तिकेची प्रस्तावना

फौजेतून पेन्शनवर आलेल्या माणसाला त्याचा रक्तगट विचारून पाहा. तो आठवत बसत नाही. भरतीनंतर तपासणी झाली तेव्हापासून तो गट त्याच्या नावाशेजारी लिहिला गेलेला असतो, ओळखपत्रावर असतो, आणि सतरा-अठरा वर्षं ते ओळखपत्र छातीशी बाळगल्यावर तो गट त्याच्या नावाचाच एक भाग होऊन जातो. आता हाच प्रश्न बाजाराच्या दिवशी वरवट बकालच्या स्टँडवर उभ्या असलेल्या दहा जणांना विचारा. कोणी म्हणेल, ‘दवाखान्याच्या कागदावर असंन लिहेल.’ कोणी बायकोचा गट सांगेल, कारण तिच्या बाळंतपणात तो विचारला गेला होता. स्वतःचा गट छातीठोकपणे सांगणारे फार थोडे निघतील. ही पुस्तिका करावी असं मला पहिल्यांदा वाटलं ते या फरकामुळे.

मी एकतीस वर्षं या तालुक्यात मास्तरकी केली. सोनाळा, टुनकी, बावनबीर, पातुर्डा अशा गावांतली पोरं माझ्या हाताखालून गेली. त्यातली काही फौजेत गेली; कोणी महार रेजिमेंटमध्ये, कोणी मराठा लाइट इन्फंट्रीत, कोणी तोफखान्यात, कोणी सीआरपीएफ आणि बीएसएफमध्ये. सुट्टीवर येत तेव्हा शाळेत डोकावून जात. मग एक दिवस कायमची परत येत आणि गाव त्यांना ‘मेजर’ म्हणू लागे, मग तो शिपाई म्हणून निवृत्त झालेला असो की हवालदार. घरी येतात तेव्हा ती चाळिशीच्या आतबाहेरची असतात. शेत असतं, तिथं जातात. काहींना बँकेत, एटीएमवर, कारखान्यात सुरक्षारक्षकाची नोकरी मिळते. गावानं त्यांच्याकडून मागितलेलं काम मात्र वर्षातून दोनदाच असतं: पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला झेंड्याजवळ उभं राहणं. हे मला नेहमी खटकत आलं आहे.

एका जुलैत आमच्या नात्यातल्या एका मुलीचं बाळंतपण अडलं. तिला मोठ्या गावी हलवलं. रात्री अकराच्या सुमाराला डॉक्टरांनी दोन पिशव्या रक्त लागेल म्हणून सांगितलं, आणि तिचा गट निघाला बी निगेटिव्ह. आपल्याकडे शंभरात पाचेक माणसंच निगेटिव्ह गटाची. त्यातही बी म्हणजे आणखी कमी. साठ्यात त्या गटाची पिशवी नव्हती. व्हरांड्यात आम्ही पंधरा नातेवाईक उभे होतो. आपला गट ठाऊक असलेले तिघं, तिघंही पॉझिटिव्ह. बाकीच्यांपैकी दोघं चहा घेऊन येतो म्हणून गेले ते सकाळी परतले. मी त्यांना दोष देत नाही. सुईची भीती आणि ‘रगत देल्लं का अंगातली ताकद जाते’ हे लहानपणापासून ऐकलेलं वाक्य, दोन्ही एकदमच आडवी आली असतील. त्या वेळी मला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची आठवण झाली. सहाच महिन्यांपूर्वी तो पेन्शनवर आला होता. फोन केला. त्यानं मला एकच विचारलं, ‘सर, गट कोणता?’ त्याचा स्वतःचा ओ पॉझिटिव्ह होता. पण त्याच्या पलटणीतल्या दोन सोबत्यांचे गट त्याला पाठ होते, आणि त्यातला एक बी निगेटिव्ह होता. पावसात मोटारसायकलवर दोघं आले. तपासण्या होऊन पिशवी हाती येईस्तोवर पहाट झाली. दुसऱ्या पिशवीची सोय दुसरीकडून झाली. मुलगी वाचली, लेकरूही वाचलं. रक्त देणारा तो माणूस तिसऱ्या दिवशी डवरणीला शेतात होता, हे मी स्वतः पाहिलं.

त्या रात्री माझ्या मनात राहिलं ते त्याचं धैर्य नव्हे. गोळ्यांच्या माऱ्याखाली राहिलेल्या माणसाला सुईचं काय वाटणार? मनात राहिली ती दुसरी गोष्ट. त्याला आपल्या सोबत्यांचे रक्तगट पाठ होते. आम्हा पंधरा नातेवाइकांपैकी बारा जणांना एकमेकांचे सोडा, स्वतःचेही ठाऊक नव्हते.

हे फौजेत का असतं, याचं उत्तर रक्तदानाच्या इतिहासात आहे. व्हिएन्नातल्या कार्ल लँडस्टायनरनं १९०१ साली रक्ताचे गट असतात हे दाखवून दिलं. त्या शोधाला १९३० साली नोबेल मिळालं, आणि १४ जून हा त्याचा जन्मदिवस जगभर रक्तदाता दिन म्हणून पाळतात. पण गट कळले तरी रक्त साठवता येत नव्हतं. देणारा आणि घेणारा शेजारी-शेजारी झोपवावे लागत. पहिलं महायुद्ध सुरू झालं त्याच सुमाराला, १९१४-१५ मध्ये, सोडियम सायट्रेट घातलं की रक्त गोठत नाही हे वेगवेगळ्या देशांतल्या डॉक्टरांच्या ध्यानात आलं. त्यात साखर मिसळली तर तांबड्या पेशी आणखी टिकतात, हेही लवकरच कळलं. आणि १९१७ मध्ये ऑस्वाल्ड रॉबर्टसन या डॉक्टरनं पश्चिम आघाडीवर ओ गटाचं रक्त आधीच काढून बर्फात जपून ठेवलं. दारूगोळ्याच्या रिकाम्या पेट्यांची त्यानं शीतपेटी केली होती. ज्या पेटीतून मरण येत होतं तीत बर्फ भरून कोणीतरी जीव सांभाळतो आहे, हे चित्र मी वर्गात अनेकदा मुलांपुढे उभं केलं आहे. आजच्या रक्तपेढीची पहिली खोली ती. पुढं स्पेनच्या यादवीत बार्सिलोना आणि माद्रिदमधून बाटल्यांतलं रक्त आघाडीवर जाऊ लागलं, आणि दुसऱ्या महायुद्धात प्लाझ्मा समुद्रापार पाठवला गेला. भारतातली पहिली रक्तपेढीही त्याच काळातली, कोलकात्यात रेडक्रॉसच्या आधारानं उभी राहिलेली.

म्हणजे रक्त साठवायला माणूस शिकला तो जखमी सैनिकासाठी. गावातल्या बाळंतिणीला ते मिळू लागलं ते नंतर. त्या अर्थानं बाळंतिणीच्या पलंगाशेजारी टांगलेल्या प्रत्येक पिशवीवर सैनिकाचं थोडं ऋण आहे, आणि माजी सैनिक जेव्हा ती पिशवी भरतो तेव्हा ते वर्तुळ पूर्ण होतं.

महाराष्ट्रात स्वेच्छा रक्तदानाची वाट पाडली ती लीला मूळगावकर यांनी. १९५४ पासून मुंबईत त्यांनी लोकांना रक्त द्यायला उभं केलं. तेव्हा रक्त विकणाऱ्यांचा धंदा राजरोस चालत असे, आणि पोटासाठी आठ-आठ दिवसांनी बाटली देणारा माणूस स्वतः अशक्त आणि बहुधा आजारी असे. हा धंदा थांबायला पुढं चार दशकं लागली. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आली. मुंबईचाच आणखी एक धागा इथं सांगितला पाहिजे. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अतिदुर्मीळ गट जगापुढं ठेवला. त्याला आजही ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणतात. साध्या तपासणीत हा गट ओ सारखा दिसतो, पण या माणसाला ओ गटाचंही रक्त चालत नाही, त्याच गटाचं लागतं. अशा माणसाचा जीव साठ्यावर टिकत नाही. कोण कुठं राहतो याच्या यादीवर टिकतो.

यादी हाच या पुस्तिकेचा गाभा आहे, म्हणून फौजेच्या यादीबद्दल थोडं सविस्तर लिहितो. सीमेवरच्या चौकीत रक्तपेढी नसते. बर्फ पडून रस्ता बंद झाला की हेलिकॉप्टरही येत नाही. अशा ठिकाणी साठा म्हणजे तिथली माणसंच. कोणाचा गट कोणता हे आधीपासून नोंदलेलं असतं आणि वेळ आली की त्यातला एक जण बाही वर करतो. जगातल्या अनेक सैन्यांत ही पद्धत आहे, इराक आणि अफगाणिस्तानातही ती वापरली गेली. आपल्या औषध नियमांनीही सीमाभागातल्या आणि आघाडीवरच्या लष्करी दवाखान्यांना रक्त घेऊन तिथंच चढवण्याची खास सवलत दिली आहे. आपल्या गावाला ती सवलत नाही आणि नसावीच. एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग, मलेरिया या पाच तपासण्यांशिवाय रक्त चढवणं म्हणजे एक संकट टाळताना दुसरं अंगावर घेणं. म्हणून आपल्या यादीतल्या माणसाला परवानाधारक रक्तपेढीपर्यंत जावं लागतं, किंवा रक्तपेढीच्या लोकांनी शिबिर घेऊन गावात यावं लागतं. हा फरक मी मुद्दाम स्पष्ट करतो, कारण उत्साहाच्या भरात काही माजी सैनिकांनी मला विचारलं होतं की आपण आपल्या गावातच सोय का करू नये.

आता आपला तालुका. उत्तरेला सातपुडा, त्यात अंबाबरवा अभयारण्य आणि कोरकू, निहाल, भिलाला वस्त्या, दक्षिणेला पूर्णा. संग्रामपुरातून रक्तपेढी गाठायची म्हणजे वरवट बकाल, शेगाव करत खामगाव, नाहीतर अकोला, नाहीतर थेट बुलडाणा. वाटेत पूर्णा ओलांडावी लागते. पूर्णेला पूर आला की तालुक्याचा दक्षिणेशी संबंध तुटतो. २०२३ च्या जुलैत काय झालं ते कोणी विसरलेलं नाही. एका रात्रीच्या पावसानं संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत गावंच्या गावं पाण्यात गेली, रस्ते वाहून गेले. त्या दिवशी कोणाला रक्त लागलं असतं तर? पावसाळ्यापूर्वी रक्ताचा विचार करायचा तो यासाठी.

दुसरी गोष्ट बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही, इथल्या माणसाला सांगावी लागत नाही. खारपाणपट्टा. पूर्णेच्या खोऱ्यातलं जमिनीखालचं पाणी खारं आहे, अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांतून हा पट्टा जातो. आपल्या आणि शेजारच्या जळगाव जामोद तालुक्यात किडनीच्या आजारानं अनेक घरांतली माणसं गेली आहेत. लोक त्याचा संबंध या पाण्याशी लावतात, आणि वान धरणाचं गोडं पाणी १४० गावांपर्यंत नेण्याची योजना त्याच मागणीतून आली. किडनी निकामी होत जाते तेव्हा फक्त लघवीचा प्रश्न नसतो. शरीराला ‘रक्त तयार कर’ असं सांगणारं एरिथ्रोपोएटिन नावाचं द्रव्य मुख्यतः किडनीच तयार करते. ते आटलं की माणूस पांढराफटक पडत जातो. त्यावर इंजेक्शनं आहेत, आणि डॉक्टर शक्य तेवढं रक्त चढवणं टाळतात, विशेषतः पुढं किडनी बसवण्याची आशा असेल तर. पण हिमोग्लोबिन फारच खाली घसरलं की पिशवीला पर्याय राहत नाही. डायलिसिसला आठवड्यातून दोन-तीनदा एसटीनं जाणारी माणसं आपण रोज पाहतो. त्यांच्या सोबतीला जाणारा मुलगा मजुरी बुडवून जात असतो. त्यालाच वर ‘बदली रक्तदाता आणा’ म्हणणं म्हणजे आधीच वाकलेल्या पाठीवर आणखी एक पोतं ठेवणं.

सातपुड्याच्या वस्त्यांत सिकलसेलचा धोका आहे. विदर्भाच्या आदिवासी भागात तो पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. ज्यांना तो तीव्र स्वरूपात असतो त्यांना आयुष्यभर अधूनमधून रक्त लागतं. आणि बायकांचं तर विचारूच नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायका रक्तक्षयी आढळल्या. मुळात अंगात रक्त कमी, त्यात बाळंतपणात रक्तस्राव झाला तर हाताशी वेळ किती उरतो? तास-दीड तास. शिबिरांत बायकांनी यावं असं मला मनापासून वाटतं, पण त्यातल्या अनेकींना आपण परत पाठवतो, कारण रक्त द्यायला हिमोग्लोबिन निदान साडेबारा लागतं. म्हणून तूर्तास या कामाचा भार पुरुषांनी उचलायचा आहे. आणि परत पाठवलेल्या बाईला नुसतं परत पाठवायचं नाही, लोहाच्या गोळ्यांसाठी आशाताईकडे पाठवायचं, हेही पुस्तिकेत लिहिलं आहे.

इथं मला जरा कठोर बोलायचं आहे. आपल्याकडे रक्तदान होत नाही असं नाही. खूप होतं. १९ फेब्रुवारीला होतं, १४ एप्रिलला होतं, नेत्यांच्या वाढदिवसाला होतं, गणपतीत होतं. मंडप, बॅनर, प्रमाणपत्र, फोटो. त्या त्या दिवशी चांगल्या मनाची शेकडो माणसं येतात आणि रक्तपेढीचे फ्रीज भरून जातात. पण साध्या पिशवीतलं रक्त ३५ दिवस टिकतं. खास द्रावण घातलेल्या तांबड्या पेशी ४२ दिवस. प्लेटलेट्स तर पाचच दिवस. गोठवलेला प्लाझ्मा तेवढा वर्षभर राहतो. मग एप्रिलच्या मध्याला एकदम आलेलं रक्त मेअखेर कुठं असतं? आणि मेमध्ये कॉलेजं बंद, लग्नसराई, पारा पंचेचाळिसाला टेकलेला, शिबिराला माणूस मिळत नाही. दरवर्षी रक्तपेढ्या उन्हाळ्यात हात पसरतात. ज्यांनी एप्रिलला उत्साहानं दिलं त्यांचे तीन महिने पूर्ण झालेले नसतात, इच्छा असूनही ते मेमध्ये देऊ शकत नाहीत. पुरुषाला दोन रक्तदानांत ९० दिवसांचं अंतर ठेवावं लागतं, स्त्रीला १२० दिवसांचं.

सणाच्या दिवशी रक्त देणाऱ्याला मी नावं ठेवत नाही. पण रक्ताची गरज पंचांग बघून येत नाही, आणि ही गोष्ट ज्याला हाडीमाशी कळलेली आहे असा माणूस गावात एकच आहे. त्यानं दिवाळीच्या रात्री पहारा दिलेला असतो. कोणत्या दिवशी कोणाची ड्यूटी हे आधी लिहून ठेवल्याशिवाय पलटणीचा दिवस उगवत नाही. आमची मागणी एवढीच आहे की माजी सैनिकांनी रक्तही ड्यूटीसारखं द्यावं. तालुक्यातल्या रक्त देऊ शकणाऱ्या माजी सैनिकांची चार गटांत वाटणी, प्रत्येक गटाला वर्षातले तीन महिने. एप्रिल-मे-जूनचा गट सगळ्यांत मोठा, आणि त्या गटातल्या माणसानं जानेवारीनंतर दुसरीकडे कुठंही रक्त द्यायचं नाही, मग कितीही मोठ्या साहेबाचा वाढदिवस असो. उन्हाळ्यात सकाळी लवकर जायचं, भरपूर पाणी पिऊन, काहीतरी खाऊन. दुर्मीळ रक्तगटाच्या माणसांनी मात्र पाळीवर जायचंच नाही. त्यांनी राखीव राहायचं आणि बोलावलं की जायचं.

हिशेब करून पाहिला तर या माणसांची ताकद लक्षात येते. रक्त १८ ते ६५ या वयात देता येतं. वजन निदान ४५ किलो हवं. तेवढ्या माणसाकडून ३५० मिलिलिटर घेतात, ५५ किलोच्या वरच्याकडून ४५० घेता येतं. अडतिसाव्या वर्षी घरी आलेल्या जवानापुढं सत्तावीस वर्षं पडलेली असतात. तीन-तीन महिन्यांनी दिलं तर शंभराहून जास्त वेळा. पण वर्षाला दोनदाच धरू, तरी पन्नासवर पिशव्या एकट्या माणसाच्या. एका पिशवीचे घटक वेगळे केले तर दोघा-तिघांना उपयोगी पडतात. तब्येत कमावलेली, व्यायामाची सवय, बहुतेकांना विडी-दारूचा नाद कमी. ज्यांना तो आहे त्यांना मी समोर बसवून वेगळं सांगेन, इथं नको. अग्निवीर म्हणून चार वर्षांनी परतणाऱ्या पोरांपुढं तर चाळीस वर्षं असतील. नियमानं त्यांना माजी सैनिकाचा दर्जा नाही. सीआरपीएफ, बीएसएफच्या निवृत्त जवानांनाही त्या व्याख्येत धरत नाहीत. आमच्या यादीच्या वहीत सगळे एकाच पानावर आहेत. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवाम्यात जे ४० जवान गेले त्यात आपल्या जिल्ह्यातले दोघं होते, मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचे नितीन राठोड. दोघंही सीआरपीएफचे. त्यांच्यासाठी रस्त्यावर उतरलेल्या या जिल्ह्याला व्याख्या कोणी शिकवू नये.

एक प्रश्न मला वारंवार विचारला गेला. ‘सर, आमचं रक्त बॉर्डरवर जाईल का?’ त्यामागची भावना मला समजते. अमेरिकेत सैन्यासाठी १९५२ पासून वेगळी रक्तव्यवस्था आहे आणि अमेरिकन लीजनसारख्या माजी सैनिकांच्या संघटनांच्या गावोगावच्या शाखा शिबिरं भरवतात. आपल्याकडेही लष्कराच्या स्वतःच्या रक्तपेढ्या आहेत, दिल्ली छावणीत सशस्त्र दलांचं रक्त संक्रमण केंद्र आहे, पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. १९६२ च्या आणि नंतरच्या लढायांत साध्या नागरिकांनी जवानांसाठी रांगा लावून रक्त दिलं. तसा प्रसंग आला तर तुम्हाला कोणी थांबवणार नाही. कामठी, पुलगाव, छत्रपती संभाजीनगर इथल्या छावण्या फार लांब नाहीत. पण खरं सांगायचं तर खामगावात दिलेली पिशवी लडाखला जात नाही, आणि फौजेचं रोजचं रक्त मुख्यतः वर्दीतलेच जवान देतात.

तरीही ते रक्त फौजेलाच पोचतं, असं मी म्हणतो. कसं, ते सांगतो. आज या तालुक्यातला एखादा पोरगा सियाचीनच्या पायथ्याशी आहे. त्याची आई डायलिसिसवर आहे, बायकोला आठवा महिना आहे. रात्री घरून फोन येतो की दोन पिशव्या लागतात. तो काय करू शकतो? रजा मंजूर झाली तरी पोचायला चार-पाच दिवस. स्वतःच्या आईला रक्त द्यायचा जो हक्क गावातल्या कोणत्याही मुलाला आहे, तो याला नाही, कारण तो आपल्या सगळ्यांसाठी तिथं उभा आहे. त्याच्या जागी कोणीतरी उभं राहिलं पाहिजे. जो वीस वर्षांपूर्वी असाच फोन कानाला लावून बर्फात उभा होता, त्यानं राहावं. मी पेन्शनवर आलेल्या तिघा-चौघांना हे असं सांगितलं तेव्हा त्यांनी पुढं काही विचारलं नाही. एकानं नाव लिहून घ्यायला सांगितलं, आणि त्याच्या आवाजावरून मला कळलं की असा फोन त्यालाही आला होता. म्हणून वहीत एक रकाना सेवेत असलेल्या जवानांच्या घरांचाही आहे. गावात कोणाचा मुलगा फौजेत आहे, घरी कोण आजारी आहे, कोणाचं बाळंतपण जवळ आलं आहे. ते आधी लिहिलेलं असलं की रात्री धावाधाव कमी होते.

भीतीबद्दल दोन शब्द. अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं, त्यातलं साडेतीनशे मिलिलिटर म्हणजे मोठ्या पेल्याहून थोडं जास्त. पातळ भाग एक-दोन दिवसांत भरून निघतो, तांबड्या पेशींना काही आठवडे लागतात. त्या दिवशी जड ओझं उचलायचं नाही, फवारणीचा पंप पाठीवर घ्यायचा नाही, उन्हात फिरायचं नाही. बाकी काही नाही. हे डॉक्टरनं सांगून जेवढं पटतं त्याहून जास्त पटतं ते रक्त देऊन आलेला मेजर चौथ्या दिवशी बैलजोडी घेऊन जाताना दिसला की. गावातली पोरं त्याच्याकडे बघत असतात. पहिल्यांदा रक्त देणारा पोरगा एकटा घाबरतो, त्याच्याबरोबर गेला की घाबरत नाही. म्हणून प्रत्येक पाळीला प्रत्येक माजी सैनिकानं एक नवा माणूस बरोबर न्यायचा आहे. त्या निमित्तानं त्या माणसाला त्याचा रक्तगट तरी कळेल.

पाळीची सुरुवात आम्ही १ ऑक्टोबरला करतो आहोत. १९७५ पासून हा दिवस देशभर स्वेच्छा रक्तदानाचा म्हणून पाळतात. महार रेजिमेंटचा स्थापना दिनही तोच, १९४१ साली बेळगावात तिची पहिली पलटण उभी राहिली. आपल्या यादीत त्या रेजिमेंटची माणसं बरीच असल्यानं तारीख ठरवायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. रक्तपेढीला मात्र आधी विचारायचं: तुमच्याकडे कोणत्या गटाच्या किती पिशव्या आहेत, किती हव्यात. जेवढ्या हव्यात तेवढेच त्या दिवशी जातील, बाकीचे पुढच्या पंधरवड्यात. फोटोत माणसं कमी दिसतील. चालेल.

आणखी एक मागणी सरकारदरबारी करायची आहे. नियमाप्रमाणे ग्रामीण रुग्णालयात रक्त साठवण केंद्र चालवता येतं; मोठ्या रक्तपेढीतून तपासलेल्या पिशव्या आणून तिथल्या फ्रीजमध्ये ठेवायच्या, गरज पडली की जुळवून द्यायच्या. त्याला प्रशिक्षित माणूस लागतो, अखंड वीज लागते, आणि मागे नियमित रक्त देणाऱ्यांचा भरवसा लागतो. पहिल्या दोन गोष्टी सरकारनं द्यायच्या. तिसरी आम्ही देतो, असं हातात वही घेऊन सांगता आलं तर त्या मागणीला वजन येईल.

पुस्तिकेत पुढं काय आहे ते थोडक्यात: कोणी रक्त द्यावं, कोणी देऊ नये, कोणत्या आजारानंतर किती दिवस थांबावं, जवळच्या रक्तपेढ्यांपर्यंतचे रस्ते आणि पूर्णेला पूर असताना घ्यायच्या वाटा, आणि मागे रिकामी पानं. प्रत्येक गावाला दोन पानं. नाव, रेजिमेंट, रक्तगट, मागची तारीख, पुढची तारीख. शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. मागची तारीख नुसती नोंद झाली. पुढच्या तारखेला त्या माणसाची वाट कोणीतरी पाहत असणार आहे.

ज्यांचं वय पासष्टच्या पुढं गेलं, ज्यांना इन्सुलिन चालू आहे, ज्यांचं हृदयाचं काम झालं आहे, त्यांना वाटेल की आपला इथं काही उपयोग नाही. १९७१ ची लढाई पाहिलेले असे काही जण अजून तालुक्यात आहेत. त्यांच्यासाठी वहीचं शेवटचं पान राखून ठेवलं आहे. रात्री अपरात्री उठून फोन लावणारे, गाडी काढणारे, रक्तपेढीच्या बाकावर सोबत बसणारे, पुढच्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी घरी जाऊन आठवण करून देणारे, यांची नावं त्या पानावर येतील. मी फौजेत नव्हतो आणि माझं वय आता अडुसष्ट आहे. त्या पानावर पहिलं नाव माझं आहे, पुढं फोन नंबर आहे, आणि वेळेच्या रकान्यात ‘केव्हाही’ असं लिहिलं आहे. दुसरी ओळ अजून रिकामी आहे.